वालावलकर साहेबांचा चेअरमन

वालावलकर साहेबांची गोष्ट निघाली की मी विषय बदलतो. जुने सोबती लग्नाकार्यात भेटतात आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "सोनवणे, तू तर त्यांच्या हाताखाली होतास, तू सांग." मग मी त्यांनी एस.टी.तून मासे आणले ती गोष्ट सांगतो. सगळे हसतात, तेवढ्यात जेवणाची पंगत बसते. त्या गोष्टीच्या पुढे मी कधी गेलेलो नाही. पुढची गोष्ट माझी आहे आणि ती मला स्वतःलाही धड उलगडलेली नाही. काय घडलं ते माहीत आहे. पण त्या त्या वेळी मला काय कळत होतं आणि काय नव्हतं, ते आज सांगायला बसलो तर माझंच मला पटत नाही. तरी आता सांगतो. सांगायचं राहून गेलेली माणसं एकेक करून निघून चालली आहेत.

बहात्तरच्या दुष्काळाच्या थोडं आधी मी संगमनेरच्या एका दूध शीतकरण केंद्रात प्रयोगशाळेत लागलो. वालावलकर तिथले केमिस्ट. मालवणकडचे, बुटके, चष्मा नसलेले. चष्मा नसण्याचा त्यांना अभिमान होता. गावोगावचं दूध कॅनमधून यायचं, फलाटावर झाकणं उघडायची आणि साहेब एका टोकापासून चालत यायचे. झाकण उघडलं की आधी बघायचे, मग वास घ्यायचे, शंका आली तर करंगळीवर थेंब घेऊन जिभेला लावायचे. लॅक्टोमीटर, म्हणजे दुधात सोडायची ती आकड्यांची काचनळी, सगळ्यात शेवटी. बऱ्याचदा ती सोडायच्या आधीच ते आकडा सांगायचे. कॅन कुठल्या वाडीचा हेही झाकणावरचा नंबर न बघता सांगायचे. गवळी म्हणायचे, सायबाच्या डोळ्यात भिंग हाय.

मी कामावर गेलो त्या पहिल्या सकाळी प्रयोगशाळेत नुसता गोंधळ चाललेला. टेबलं सरकवत होते, कपाट या भिंतीचं त्या भिंतीला नेत होते, जुने दोघे सहकारी कपाळाला आठ्या घालून बाटल्या वाहत होते. मला वाटलं रंगकाम निघालं आहे. दुपारी एकानं चिडून सांगितलं, "तुझ्यामुळं चाललंय हे. नवा मानूस येतोय म्हून सायेबांनी समद्यांच्या जागा बदलल्यात." का, ते त्यालाही माहीत नव्हतं.

ते मला साहेबांच्या घरी कळलं. नदीकडच्या एका गल्लीत दोन खोल्यांत ते एकटे राहायचे, बायको-मुलगी गावी. बाहेरच्या खोलीत खाट नव्हती, खुर्ची नव्हती, भिंतीच्या भिंतीएवढी काचेची पेटी होती आणि तिच्यात समुद्र होता. खराखुरा समुद्र. कांदा घेऊन मुंबईला जाणारा एक ट्रकवाला येताना काचेच्या मोठ्या बुधल्यांतून पाणी भरून आणायचा. पाणी उडून गेलं की खारटपणा वाढतो, म्हणून साहेब त्यात रोज थोडं गोडं पाणी घालायचे आणि मोजायचे कशानं, तर लॅक्टोमीटरनं. गाईचं दूध आणि समुद्राचं पाणी यांचा आकडा अगदी शेजारी-शेजारी येतो, हे मी पहिल्यांदा तिथं पाहिलं. साहेबांना ते दाखवायला फार आवडायचं. म्हणायचे, "बघितलंस? म्हणून काचेवर विसंबायचं नाही. काच समुद्रालासुद्धा दूध म्हणून पास करील."

वीज गेली की हवेचा पंप बंद पडायचा. त्यासाठी त्यांनी ट्रकची जुनी ट्यूब फुगवून ठेवलेली असे. तिच्या तोंडाला बारीक रबरी नळी, नळीला चिमटा, आणि चिमटा सैल केला की पाण्यात बुडबुडे. वीज येईपर्यंत साहेब ट्यूबवर हात ठेवून बसायचे, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे.

मासे त्यांनी स्वतः गावाकडच्या खडकांतून धरून आणलेले, दुधाच्या कॅनमधून, एस.टी.नं. कंडक्टरनं विचारलं, कॅनमध्ये काय आहे? साहेबांना खोटं बोलता येत नसे. म्हणाले, समुद्र. कंडक्टरनं झाकण उघडून आत पाहिलं, पुन्हा लावलं आणि सामानाचं तिकीट फाडलं. ही ती माझी नेहमीची गोष्ट.

या माशांना इंग्रजी पुस्तकांत रॅस म्हणतात, असं ते सांगत. त्यांच्या गावाकडे त्याला कुणी विचारत नाही, जाळ्यात आला तर मांजराचा. वीतभरही नसतो. एक मोठा नर होता, हिरवागार, डोक्यावर गुलाबी रेघा, शेपटीजवळ एक जुना वण. बाकीच्या माद्या फिकट, मातकट, बाजूवर एक काळा ठिपका. संध्याकाळ झाली की सगळे वाळूत शिरून झोपायचे. पेटी रिकामी दिसायची. मोठ्याचं नाव साहेबांनी चेअरमन ठेवलं होतं आणि बाकीच्यांचं संचालक मंडळ. ही गोष्ट आमच्या दूध संघाच्या खऱ्या चेअरमनपर्यंत गेली आणि ते तोंडावर तरी हसले.

या रॅसांचं एकमेकांशी पटत नाही, हाच साहेबांचा खरा अभ्यास. आधीपासून असलेल्या पेटीत नवा मासा सोडला की जुना त्याला फाडून काढतो. साहेब म्हणायचे, जोर असतो म्हणून नव्हे. जुन्याला दगड ठाऊक असतात म्हणून. कुठून धावायचं, कुठं दबा धरायचा, हे त्याला माहीत आणि नव्याला माहीत नाही. उपाय त्यांनी शोधला होता: नवा आला की जुन्यांनाही बाहेर काढायचं, सगळे दगड हलवायचे आणि सगळ्यांना एकदम आत सोडायचं. सगळेच नवे. "मग थोडी धावाधाव करतात, पण मारीत नाहीत."

मी म्हणालो, "म्हणून टेबलं हलवलीत?"

ते म्हणाले, "तुझ्या आधी जो आला होता, त्याला ह्या दोघांनी महिन्यात पळवून लावला. तेव्हा दगड हलवायचं मला सुचलं नव्हतं."

दुष्काळात गल्लीत कुजबूज सुरू झाली. बायका टँकरसमोर हंडे घेऊन उभ्या आणि ह्या माणसाच्या घरात भिंतभर पाणी. एक दिवस शेजारचे एक गृहस्थ चार लोकांना घेऊन जाब विचारायला आले. साहेबांनी वाद घातला नाही. वाटीत पेटीतलं पाणी काढून पुढे केलं. गृहस्थांनी घोट घेतला आणि दारातून बाहेर जाऊन थुंकले. मग बाकीच्यांनी चव घेतली. त्यानंतर आठवडाभर गल्लीतले लोक पोराबाळांना घेऊन समुद्र चाखायला येत होते. म्हाताऱ्या बोट बुडवून कपाळाला लावायच्या. साहेब दारात उभे राहून सांगायचे, एकेकच बोट, आणि धुतलेलं.

त्याच दिवसांत त्यांची जीभ आणि नजर खरी कामाला आली. जनावरांना वैरण नव्हती. उपाशी म्हशीचं दूध आपोआप पातळ येतं आणि काचनळी त्याला पाणी घातलेलं म्हणते. उलट ज्यांच्याकडे वैरण होती त्यांतले काही जण पाणी घालून वर साखर विरघळवायचे. काच त्यांना पास करायची. पठारावरच्या एका वाडीतून ठकूबाई नावाची बाई यायची, एका म्हशीवर घर चालवणारी. तिच्या दुधाचा आकडा पडला तेव्हा मी ते बाजूला ठेवलं. साहेबांनी जिभेला लावलं आणि विचारलं, "म्हैस काय खाते?"

ठकूबाई म्हणाली, "काय खानार सायेब? उसाचं वाडं मिळालं तर, न्हाईतर बाभळीच्या शेंगा."

"घे," ते मला म्हणाले. "पाणी नाही, भूक आहे ती."

असं ते रोज निवडायचे: कोणाच्या दुधात पाणी आणि कोणाच्या दुधात भूक. केंद्रात त्याला कुणी हरकत घेत नसे, कारण त्यांची नजर चुकत नाही हे सर्वांना ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात त्यांची आई अत्यवस्थ झाल्याची तार आली. निघताना पेटी माझ्यावर सोपवली. सुकट भिजवून किती घालायची, आकडा कुठं ठेवायचा, ट्यूब कधी फुगवायची, सगळं सांगितलं. आणि शेवटी पिशवी खांद्याला लावून म्हणाले, "चेअरमन दुसऱ्यांना पळवील. ते चालायचंच. तू हात घालू नकोस."

मी हात घातला. आठवडा झाला असेल. चेअरमन एका लहान मादीच्या मागे इतका लागला होता की ती कोपऱ्यात काचेला चिकटून राहायची, खायला येत नसे, पर फाटलेले. रोज ते बघून मला राहवेना. एका दुपारी मी जाळीनं चेअरमनला काढलं आणि केंद्रातून आणलेल्या जस्ताच्या बादलीत पेटीतलंच पाणी घेऊन त्यात ठेवलं. म्हटलं, दोन दिवस शिक्षा भोगू दे, मग दगड हलवून परत सोडू. साहेबांचीच युक्ती. संध्याकाळी कामावरून येऊन बघतो तर तो उताणा तरंगत होता. बादलीच्या जस्तानं, हवा नव्हती म्हणून, की आणखी कशानं, देव जाणे. मागच्या अंगणात खड्डा करून मी त्याला पुरलं. शेपटीजवळचा वण वर आलेला मला दिसत होता. माती लोटली.

आता पुढचं मला नीट सांगता येत नाही. साहेबांचं पत्र आलं की आई गेली, दिवसवार उरकून, जमिनीचं बघून येतो, वेळ लागेल. मी रोज पेटीजवळ जायचो. आधी माद्या मोकळ्या फिरल्या. मग त्यांतली सगळ्यात मोठी दुसऱ्यांना पळवू लागली. मग तिचा रंग मला वेगळा वाटू लागला. मी खिडकीचा पडदा काढून बघितलं, लावून बघितलं. ठिपका पुसट होत होता. हिरवा चढत होता. आणि एके सकाळी डोक्यावर गुलाबी रेघा. चेअरमन परत आला होता.

मी अंगणात जाऊन ती जागा उकरून पाहिली, हे आज लिहायला लाज वाटते. काटे होते. मुंग्या होत्या. आत येऊन पाहिलं तर तो दगडांवरून फेऱ्या मारत होता. कोणाला विचारणार? ज्यांना विचारायचं ते मालवणला होते आणि त्यांना सांगायचं तर आधी मेलेला सांगावा लागला असता. एका शनिवारी मी शिंगणापूरला जाऊन तेल वाहून आलो. काय मागितलं तेही मला ठाऊक नाही.

साहेब आले ते डोकं भादरलेले, वाळलेले. पिशवी खाली ठेवायच्या आधी पेटीपाशी गेले. बोटानं मासे मोजले. मग म्हणाले, "एक कमी आहे."

मी म्हणालो, "एक लहान मेली साहेब."

ते वाकले. काचेच्या या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. "हा तो नव्हे," म्हणाले.

"तोच आहे साहेब."

"शेपटीकडचा वण कुठाय?"

"भरून आला असेल."

"लहान दिसतो."

"तुम्ही नव्हता, खाल्लं नाही नीट."

त्यांनी काचेवर बोट ठेवलं. जुना चेअरमन बोटावर धावून यायचा; हा मागे सरकला. साहेब म्हणाले, "सोनवणे, ह्याला आपण मोठे आहोत हे अजून कळलेलं नाही." माझ्याकडे वळून विचारलं, "खरंच तोच?"

तेव्हा बोलायला हवं होतं. पण मला खरोखर वाटत होतं की हो, कदाचित तोच. पेटीत नर एकच होता, बाहेरून कुणी आणला नव्हता, मग हा दुसरा कोण असणार? एक मेली हे खोटं, ते मला कळत होतं. तोच आहे हे खोटं की खरं, ते कळत नव्हतं. मी म्हणालो, "शपथेवर, तोच."

साहेबांनी डोळे चोळले. आईच्या आजारपणात जागरणं झाली, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा.

आणि मी काय केलं? चहाच्या टपरीवर ही गंमत म्हणून सांगितली. का सांगितली? मनातली भीती हसण्यावारी नेली की हलकी होते, म्हणून असेल. साहेबांना स्वतःचा मासा ओळखता आला नाही, असं मी रंगवून सांगितलं. लोक खूप हसले.

काही दिवसांनी एका संचालकाच्या मळ्यातले कॅन आले. साहेबांनी जिभेला लावलं आणि परत फिरवलं. पाणी आणि साखर. संचालक स्वतः जीपमधून आले. नळी सोडायला लावली, आकडा बरोबर आला. साहेब म्हणाले, आकडा बरोबर आहे, दूध नाही. तेव्हा संचालक फलाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जो घरातला मासा वळखंना, त्यो आमच्या दुदातलं पानी वळखनार व्हय?"

फलाट हसला. ठकूबाईसुद्धा, काही न कळता, हसली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. चौकशीनं बघावं तसं, की तू तिथं होतास, तू सांग. मी नळ्या विसळत होतो. विसळत राहिलो.

साहेबांनी करंगळी कोटाला पुसली. "आकडा बरोबर आहे ना? घ्या मग," म्हणाले.

त्या दिवसापासून ते फलाटावर नळीशिवाय काही बोलेनात. झाकण उघडायचं, नळी सोडायची, आकडा सांगायचा. त्यामुळे मळ्यातलं साखरेचं दूध पास होऊ लागलं आणि पठारावरचं भुकेलं दूध परत जाऊ लागलं. ठकूबाईचा कॅन पहिल्यांदा परत गेला तेव्हा तिला ते खरंच वाटेना. ती म्हणाली, "सायेब, आदी तुमी जिभंनं बगत हुता. आता काचंनं बगता व्हय?"

साहेब म्हणाले, "बाई, माझ्या जिभेचा आता भरवसा नाही."

"आमाला हाय की," ती म्हणाली.

ते पुढच्या कॅनकडे गेले. थोड्या दिवसांनी ठकूबाई येईनाशी झाली. तिनं म्हैस विकल्याचं तिच्या वाडीच्या माणसानं सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

उन्हाळा संपायच्या आत साहेबांनी नोकरी सोडली. वरिष्ठांनी कारण विचारलं, तेव्हा आईच्या माघारी घराकडे बघायला कुणी नाही असं सांगितलं. पेटी रिकामी करताना मी मदतीला होतो. मासे कॅनमध्ये भरताना ते हिरव्याला हातात धरून क्षणभर थांबले. मग त्याला कॅनमध्ये सोडून झाकण लावलं.

यानंतर मी केमिस्ट झालो, त्यांच्या जागी. तेही सांगायला हवं.

पुढे बऱ्याच वर्षांनी मुंबईला लेकीकडे गेलो होतो, तिनं मत्स्यालय दाखवायला नेलं. एका पेटीपाशी मी थबकलो. हिरवा मासा, डोक्यावर गुलाबी रेघा, भोवती फिकट माद्या. खाली पाटी होती. या जातीत नर नाहीसा झाला की उरलेल्यांतली सर्वांत मोठी मादी काही आठवड्यांत नर होते, रंगही बदलते. मी पाटी पुन्हा पुन्हा वाचली. मागचे लोक ढकलत होते. लेक म्हणाली, "दादा, चला ना, काय एवढं?"

म्हणजे ते बरोबर होते. वण, आकार, काचेपासून मागे सरकणं, सगळं त्यांनी बरोबर पाहिलं होतं. आणि मी एक शब्द खरा बोललो असतो, की नर मेला, तर हे कोडं त्यांनीच सोडवलं असतं. आयुष्यभर ते त्याच तर पेटीपाशी बसले होते.

पत्ता शोधून मी मालवणला गेलो. बोलायचं वाक्य एस.टी.त घोकत होतो: साहेब, तुमचा चेअरमन माझ्या हातून मेला, मी तो पुरला, आणि तुम्ही ज्याला 'हा तो नव्हे' म्हणालात तो खरोखरच तो नव्हता; तुमची नजर चुकली नव्हती, मी खोटं बोललो, मला माफ करा.

ते पडवीत बसले होते. अजूनही चष्मा नव्हता. मी पायरी चढलो तेव्हा सरळ माझ्याकडे बघत होते, आणि मला खात्री आहे की त्यांनी मला ओळखलं होतं, कारण त्यांचा हात पाठीवर थाप मारायला उचलला गेला होता. पण तो हात तसाच थांबला आणि ते आत हाक मारून मुलीला म्हणाले, "कोण इलोसा बघ गो." मी नाव सांगितलं, तेव्हाच म्हणाले, "हां, सोनवणे. मला वाटलंच. पण आपलं वाटणं काय खरं."

जेवायला बसलो. त्यांनी कालवणाचा भुरका मारला आणि मुलीला विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?" ती सवयीनं म्हणाली, "बरोबर आहे, बाबा." मग ते निवांत जेवू लागले. घास माझ्या तोंडात होता, म्हणून बोललो नाही, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत आलो. पण घास गिळल्यावरही बोललो नाही. त्या घरात रोज किती वेळा ते असं विचारत असतील आणि किती वर्षं विचारत असतील, याचा हिशेब डोक्यात चालू झाला आणि त्यापुढे माझं वाक्य तोंडातून फुटेना.

निघताना ते फाटकापर्यंत आले. संध्याकाळची गाडी होती. फाटकाची कडी काढता काढता त्यांनी विचारलं, "एवढ्या लांब आलास, काही सांगायचं होतं का रे?"

मी म्हणालो, "नाही साहेब. सहज आलो होतो."